न संपणारी चिठ्ठी

“यंत्राला स्वतःची अक्कल नसते, बाई. सांगाल तेवढंच ते करतं. तुम्ही एक पायरी विसरलात, की तेही विसरलं,” शिक्षकांच्या शिबिरातल्या सरांचा आवाज सकाळपासून सोजरबाईंच्या कानात घुमत होता. संगणक त्या सरांनीही चित्रातच पाहिला होता. पण त्याला काम कसं सांगायचं, हे लहान मुलांना नुसत्या चिठ्ठ्यांवरही शिकवता येतं, हे त्यांनी पटवून दिलं होतं, आणि बाईंनी चौथीच्या वर्गात ते सुरूही केलं होतं.

आज गुरुवार, बाईंचा उपास. आणि आजच शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला यायचे होते. बाई नोकरीत कायम होणार की जूनपासून घरी बसणार, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरायचं होतं. हेडमास्तर गुरुबसप्पा साहेबांना आणायला एसटी स्टँडवर जाताना बजावून गेले होते, “ते चिठ्ठ्यांचं खूळ नीट दाखवा. न्हाईतर मग माझ्याकडं बघू नका.”

पोरं चिठ्ठीवर कामाच्या पायऱ्या लिहायची, आणि यंत्र झाला होता शाळेचा शिपाई मकदूम. बाईंनी सगळ्या वर्गासमोर त्याच्याकडून वचन घेतलं होतं: चिठ्ठीत असेल तेवढंच करायचं, तोंडी कुणाचं ऐकायचं नाही, आणि हातातली चिठ्ठी संपल्याशिवाय दुसरी घ्यायची नाही. मकदूम शब्दाचा पक्का. काल कडी काढायचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मधली सुट्टी होईस्तोवर तो बंद दार ओढत राहिला होता.

साहेब येण्याआधी सराव म्हणून चौथीतल्या गुलबानोची चिठ्ठी निघाली. ‘घंटेपाशी जा. एक टोल द्या. मनात तीन मोजा. पुन्हा टोल द्या, पुन्हा तीन मोजा. असंच करत राहा.’

मकदूम लिंबाखालच्या घंटेपाशी गेला आणि टोल देऊ लागला. पाच-सहा टोलांपर्यंत पोरं हसली. दहाव्याला बाई धावतच लिंबाखाली आल्या. असा संथ, न थांबणारा टोल या शाळेत एकाच कारणानं वाजायचा: कुणी मोठं माणूस गेलं की. मग शाळा सुटायची. पहिलीची पोरं दप्तरं उचलून निघालीसुद्धा.

“मकदूमभाऊ, थांबा हो.”

“बोलू नका बाई, मोजणी चुकती.”

बाईंनी घाईघाईनं ‘थांबा’ अशी चिठ्ठी लिहून पुढं केली.

“हातातली संपू द्या की.”

“ती संपायचीच नाही हो.”

“मग कसं करायचं?” असं म्हणून मकदूमनं टोल दिला.

फाटकापाशी पानवाल्यानं एका पोराला धरलं. “कोण गेलं रं?”

“ठावं न्हाय. पर हेडमास्तर सकाळपास्नं दिसंना झाल्यात.”

तेवढं पुरलं. बातमी सात रस्ता चौकात पोचली आणि दोन दुकानांनी फळ्या लावायला घेतल्या.

शाळा रिकामी झाली. बाई पायरीवर बसून नामस्मरण करू लागल्या, तर तेही टोलाच्या तालावर होऊ लागलं. एकटी गुलबानो मागं राहिली होती. “माझी चिठ्ठी अजून चालू हाय ना,” ती म्हणाली. मग जरा विचार करून, “बाई, हातोडाच नसला तर यंत्र काय करंल?”

मकदूम मनात तीन मोजत असताना तिनं हातोडा ओढून घेतला. मकदूमनं रिकाम्या हाताकडं पाहिलं. “आता फुडची पायरी जमत न्हाय. म्हंजे थांबायला हरकत न्हाय,” असं म्हणून त्यानं घाम पुसला आणि तो मटकन बसला.

तेवढ्यात फाटकात टांगा थांबला. साहेब उतरले, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात हार.

“सात रस्त्यावर कळलं, बाई. फार वाईट झालं.”

“साहेब, ते…”

“काही बोलू नका. गुरुबसप्पांसारखा शिस्तीचा माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता. वरून कडक, पण काळीज लोण्याचं.”

तासभर स्टँडवर साहेबांना शोधून दमलेले गुरुबसप्पा नेमके तेव्हाच मागून आत आले. ते ओरडायच्याच बेतात होते. ‘लोण्याचं’ ऐकलं आणि जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी खोकलासुद्धा दाबला.

साहेबांनी श्रद्धांजलीची आणखी चार वाक्यं वाहिली. शेवटी मकदूमलाच राहवेना. “साहेब, ते तुमच्या मागंच उभं हायत की.”

साहेब वळले. बाईंनी चिठ्ठी पुढं करून झाला प्रकार घाईघाईनं सांगितला. मग हाराचं काय करावं ते न सुचून साहेबांनी तो गुरुबसप्पांच्याच गळ्यात घातला आणि तपासणीला उरलेल्या एकुलत्या एका विद्यार्थिनीकडं मोर्चा वळवला.

“काय चुकलं गं?”

“थांबायचं कदी, ते लिवलंच न्हाय. वीस टोल झाले की थांबा, असं पायजे व्हतं.”

साहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली. “सगळी शाळा पळाली, आणि ही आपली चूक शोधत थांबली,” असं पुटपुटत त्यांनी वही मागवली आणि शेरा लिहिला: बाईंना कायम करावं.

बाईंना वाटलं, आता हेडमास्तरांचा स्फोट होणार. पण गुरुबसप्पा हार सावरत हळू आवाजात म्हणाले, “बाई, मी जित्ता हाय हे लोकांना सांगावं लागंल. दिवेलागणीच्या आत. शब्द द्या.”

“दिला, सर. आधी तुमच्या घरी जाते.”

“व्हय, घरी आधी. बाकीकडं जरा सावकाश गेलात तरी चालंल.” त्यांनी साहेबांकडं पाहून आवाज आणखी खाली आणला. “सांगायच्या आधी… लोक काय बोलत्यात, तेवढं ऐकून घ्या.”

सोजरबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, लोकांचं बोलणं उतरून घ्यायला वहीतला एक कोरा कागद फाडला, पेन्सिल घेतली, आणि हेडमास्तरांच्या घराची वाट धरली.