एकशे एक्कावन्नचा सत्कार

आपल्या शरीरात काय चालले आहे हे माणसाला कळत नाही. ते प्रयोगशाळेने छापून दिले की कळते. लालासाहेबांच्या शरीरात काय चालले होते, हे त्यांनी मला सहा ऑक्टोबर १९९४च्या पत्राने कळवले होते. त्या पत्राला मी उत्तर दिले नाही.

लालासाहेब निवृत्त सुभेदार. निवृत्तीनंतरची वर्षे सांगलीत गेली, आमच्या संघाचे जुने सदस्य; हल्ली मुलाकडे कोयनानगरला असतात. पत्र असे होते:

"गड्या, व्हायरल तापानं आठ दिस झोपवलं. उठून रक्त तपासलं, तर कोलेस्टेरॉल दोनशे छत्तीसवरनं एकशे एक्कावन्नवर आलंय. आता गोळी बंद करू का? तू पुस्तकं वाचलेला माणूस, म्हणून इचारतो. जिना चढताना छातीत आवळतं, ते तापाचंच असंल न्हवं?"

मी सांगलीतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा चिटणीस. (अक्षर बरे असल्याने बिनविरोध.) आलेले पत्र कार्यकारिणीत मोठ्याने वाचणे हे माझे काम. वयाचे सत्कार सगळेच संघ करतात. आमचा संघ पुढारलेला असल्याने दरवर्षी सर्वांत कमी कोलेस्टेरॉलचा सत्कार करतो. मी आकड्यापर्यंत पोचलो आणि अध्यक्ष नानासो म्हणाले, "थांबा. एकशे एक्कावन्न? आवं, ह्यो तर संघाचा विक्रम हाय."

सत्काराचा ठराव एकमताने मंजूर झाला. पत्राचा उरलेला भाग वेळेअभावी राहिला.

मी घरी येऊन वैद्यकाचे पुस्तक उघडले. त्यात लिहिले होते की विषाणूच्या तापात कोलेस्टेरॉलचा आकडा काही काळ घसरतो, पण त्याचा अर्थ रक्त सुधारले असा नाही. हृदयाला सांभाळणारे चांगले कोलेस्टेरॉलही त्यात घटते, उरलेले आपले काम धड करत नाही आणि पुढचे काही आठवडे हृदयाला धोका वाढतो. तपासणी दोन महिन्यांनी पुन्हा करावी. मजकूर स्पष्ट होता. पण पुस्तक बारा वर्षांपूर्वीचे, आणि मी डॉक्टर नव्हे. नवी आवृत्ती पाहून कळवावे, असे ठरवले. दरम्यान मानपत्र लिहून झाले. त्यात 'संयमाचा मूर्तिमंत आदर्श' हे शब्द माझे.

तापाने आकडा उतरतो ही बातमी मात्र सदस्यांत पसरली. त्याच आठवड्यात आमचे एक सदस्य हरिबा यांना ताप आला. एरवी त्यांच्याकडे वर्षाला दोन माणसे फिरकतात. तीन दिवसांत सतरा सदस्य भेटून गेले. (पैकी नऊ जणांनी त्यांच्याच पेल्यातून पाणी मागितले.) एक सदस्य उशाशी बसून म्हणत होते, "हरिबा, जरा हिकडं तोंड करून खोक की रं." संघात एवढा जिव्हाळा मी पूर्वी पाहिला नव्हता.

सत्काराचे सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे. पायऱ्या बेचाळीस. लालासाहेब एसटीने आले, गोळी तीन आठवडे बंद होती, आणि एकतिसाव्या पायरीवर ते बसले. नानासोंनी शाल तिथेच पांघरली. नंतर मिरजेच्या डॉक्टरांनी झटका आल्याचे सांगितले.

परवा मी इस्पितळात गेलो. त्यांच्या पत्नी बनुबाई खाटेशेजारी होत्या. म्हणाल्या, "मानपत्र लय झ्याक लिवलंय, आवं. पर पत्राचं उत्तर काय आलं न्हाई."

"आगं, त्यो पुस्तकं बघत असंल," लालासाहेब डोळे मिटूनच म्हणाले.

घरी येऊन मी उत्तर लिहिले. दोन ओळींचे झाले: गोळी बंद करू नकोस. छातीचे आजच दाखव. पत्ता मिरजेच्या इस्पितळाचा घातला.

वाचकांना आकडा आठवत असेलच. पत्रातली शेवटची ओळ आठवत नसेल, तर संकोच करू नये. आमच्या कार्यकारिणीत अशांसाठी जागा आहे. अर्जासोबत रिपोर्ट जोडावा, तारखेची गरज नाही. चिटणिसाचे पदही रिकामे आहे. माझा राजीनामा आणि लालासाहेबांना लिहिलेले उत्तर, दोन्ही आज एकदमच पेटीत टाकली.