याच्या तोडीचं दुसरं कोण?

कुणी तोंडावर "न्हाई" म्हणालं की तुमचा-माझा चेहरा पडतो. सोनकांबळे सरांचा फुलतो. समोरचा माणूस जितका हटवादी, तितके सर खुश. चष्मा कपाळावर चढवतात, तळहात चोळतात आणि जवळ जो कुणी उभा असेल त्याला विचारतात, "आता सांगा, याच्या तोडीचं दुसरं कोण हाय?"

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी वनस्पतीशास्त्र शिकवतो (म्हणजे भौतिक आणि रसायन यांच्या मधे पोरं ज्या तासाला डुलकी काढतात, तो तास माझा), तिथे सर रसायन शिकवतात. मूळचे कंधारचे. पोरं त्यांना माघारी 'झेनॉन' म्हणतात. सरांना ते ठाऊक आहे, आणि आवडतंही.

राजवायूंचा धडा अर्ध्या तासात उरकायचा, असा क्लासच्या मालकांचा हुकूम आहे. हेलियम, निऑन, झेनॉन वगैरे मंडळी कुणाशी संयोग करत नाहीत, परीक्षेत एखाद्याच प्रश्नापुरती येतात, मग त्यांच्यावर वेळ कशाला घालवायचा? सर त्यांच्यावर दोन अख्खे तास घालवतात.

"बगा पोरांनो, सगळ्या जगाच्या पुस्तकात छापलेलं होतं, हे वायू कुणाला हात देत न्हाईत. विषय संपला! मग एका गड्यानं प्लॅटिनम आन् फ्लोरिनचा एक लाल वायू केला. लई हावरट. समोर येईल त्याचा इलेक्ट्रॉन ओढायचा. त्यानं ऑक्सिजनचा बी ओढला! ऑक्सिजन असा सुखासुखी सोडतो का? आता तिथं तुम्ही-मी असतो तर पेढे वाटून मोकळे झालो असतो. हा गडी तक्ता काढून बसला. म्हणला, ऑक्सिजनइतकंच घट्ट धरून बसणारं, त्याच्या तोडीचं दुसरं कोण हाय? बोट फिरवत आला, तर झेनॉन! मग एक फुटला तर दुसरा का न्हाई फुटणार?"

इथे सर दोन्ही हातांच्या मुठी एकमेकींजवळ आणतात. एका मुठीत लाल वायू, दुसरीत बिनरंगी झेनॉन. मुठी उघडतात. "क्षणात पिवळीनारंगी भुकटी!"

आणि मग आवाज एकदम खाली. "संध्याकाळची वेळ होती. गडी पळत बाहेर आला, कुणाला तरी सांगावं म्हणून. तर सगळे जेवायला गेलेले. सांगायला कुणीच न्हाई."

एवढं बोलून सर पाठ फिरवतात आणि पुसलेला फळा पुन्हा पुसतात. मला वाटायचं, नाटकीपणा आहे. मास्तर लोकांना तो लागतोच. माझ्यात नाही, म्हणून पोरं झोपतात.

या एका प्रयोगावर सरांनी जगण्याची रीत बसवली आहे. आमच्या खानावळीच्या मावशी भांडी एकदा घासायला टाकली की देवालाही वाढत नाहीत. सरांनी त्यांच्या तोडीचा माणूस हुडकला: बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणारे एक काका, जे मान वर न करता "लागंल गाडी" एवढंच बोलतात. सर एक दुपारभर त्यांच्यासमोरच्या बाकावर बसून राहिले. शेवटी एका म्हातारीनं खिडकीत तोंड घालून विचारलं, "लेकरा, गुडघा दुखून राहिला का रे तुझा?" आणि काका फुटले! उठून म्हातारीला गाडीपर्यंत पोचवून आले.

रात्री सर मावशींना म्हणाले, "मावशी, गुडघा कसा हाय?"

मावशींनी विझवलेला गॅस पेटवून आम्हाला गरम पिठलं घातलं. अभिक्रिया झाली, फक्त ती थांबवता येईना. तेव्हापासून दोन्ही गुडघ्यांची हकीकत ऐकल्याशिवाय सरांना हात धुता येत नाहीत.

हे बघून मलाही खुमखुमी आली. माझे घरमालक खिडकीला कूलर लावू देत नव्हते. त्यांच्या तोडीचे म्हणजे माझे सासरे. ते लग्नाला राजी झाले होते ते त्यांच्या जुन्या कुस्त्यांची मी तारीफ केल्यावर. घरमालकही तरुणपणी तालमीत जायचे. मी म्हणालो, "मालक, तुम्ही काय कुस्ती करत असाल हो!" मालक म्हणाले, "करत असाल म्हणजे? या अंगणात." पुढचे काही दिवस मी मानेला पट्टा बांधून शिकवत होतो. कूलर अजून घरात भिंतीकडे तोंड करून उभा आहे.

"बिराजदार, तुम्ही हेलियमला जाऊन भिडलात," सर म्हणाले. "त्याला पृथ्वीच्या पोटातल्यासारखा दाब दिला तर सोडियमच्या शेजारी नुसता बसतो म्हणत्यात. हात न्हाईच देत. आन् फ्लोरिनचं असं हाय, समोरच्याला लागलं न्हाई की ते वापरणाऱ्यालाच खातं. मान बगा तुमची."

पट्ट्याच्या त्या दिवसांतच क्लासच्या ऑफिसात फोन वाजला. मी उचलला.

"सोनकांबळे सर हायत का? नसले तर बरंच. मी त्यांची वहिनी बोलते, कंधारची."

सरांना वहिनी आहे, म्हणजे भाऊ आहे, हेच मला त्या दिवशी कळलं. वडील लवकर गेले. दादांनी एसटी चालवून धाकट्याला शिकवलं. धाकटा कंधारच्याच कॉलेजात मास्तर झाला, आणि मग एक दिवस ती नोकरी सोडून लातूरच्या क्लासला निघाला. दादा म्हणाले, "गावच्या लेकरांनी आता कुणाच्या तोंडाकडं बघायचं? जा. पुन्हा ही पायरी चढू नको." सर म्हणाले, "न्हाई चढत." तेव्हापासून अबोला.

"उद्या त्यायच्या हृदयाचं ऑपरेशन हाय, नांदेडला," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी आलेले पायजेत, सर. हे तोंडानं म्हणणार न्हाईत. आन् काही कमीजास्त झालं तर भाऊजी जन्मभर स्वतःला खात बसतील."

मी सरांना सांगितलं. सरांनी विचारलं, "दादानं बोलवलं का?"

"वहिनींनी."

"मग न्हाई."

खरं सांगतो, वेळ तशी नव्हती, पण माझा चेहरा फुलला. याच्या तोडीचं दुसरं कोण? तक्ता बघायची गरजच नव्हती. मी वहिनींना परत फोन लावला.

"वहिनी, दादा आयुष्यात कधी कशानं फुटलेत का?"

"सासरे वारले तवा हे खोलीत पडून असायचे. जेवंनात. मग भाऊजी पुस्तक घेऊन गेले, म्हणले, दादा, मला हे समजंना, सांग. आता हे सातवी शिकलेले, काय सांगणार? पण उठून बसले. पुस्तक हातात घेतलं." त्या पुढे म्हणाल्या, "भाऊजींचं शिकवणं मोबाईलवर येतं ना, ते रोज बघत्यात आता. कळत तर काही न्हाई. मला विचारत्यात, त्या माणसाला सांगायला कुणी नव्हतं, मग त्यानं सांगितलं कुणाला? मी काय सांगू?"

मी तडक वर्गात गेलो. सर पुसलेला फळा पुसत होते.

"सर, दादांना तुमच्या शिकवण्यातलं एक समजंना झालंय."

डस्टर थांबलं. "काय समजंना?"

मी सांगितलं. सर पाठमोरेच उभे राहिले. मग खडू खिशात टाकला. "त्याला पहिल्यापासून सांगावं लागंल," ते म्हणाले. "मधूनच बघत असंल तो. नांदेडची गाडी कितीला हाय?"

दवाखान्यात पोचलो तर दादा भिंतीकडे तोंड करून पडलेले. सर पायथ्याशी उभे. माझी मान वळत नव्हती, म्हणून मी अख्खा फिरून एकदा दादांकडे बघायचो, एकदा सरांकडे.

"कोण आलंय?" दादांनी भिंतीला विचारलं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"त्याला इचार, पायरी कशी चढला?"

"लिफ्टनं आलो," सर म्हणाले.

भिंतीकडे तोंड असूनही दादांचे खांदे हलले. ते हळूहळू या अंगावर वळले. धाकट्याकडे पुरतं बघून घेतलं.

"मग? कुणाला सांगितलं रे त्या माणसानं?"

"थांब. आधी झेनॉन समजून घे." सर कॉटच्या कडेला बसले. खिशातला खडू काढला, इकडे तिकडे बघितलं, परत ठेवला. मग दादांचा हात मांडीवर घेऊन त्यांच्या तळहातावर बोटानं गोल काढला. "हा मधला. आन् हे बाहेरचे इलेक्ट्रॉन. हे मधल्यापासून लई लांब जाऊन बसलेले असत्यात, दादा. म्हणून तर हाताला लागत्यात."

दादांनी मूठ मिटली. सरांचं बोट आतच राहिलं.

वहिनींनी पदर डोळ्याला लावला आणि मी बाहेर आलो. कुणाला तरी हे सांगावं म्हणून डावीकडे फिरलो, उजवीकडे फिरलो, दोन्हीकडे अख्खा. व्हरांड्यातल्या चटया रिकाम्या होत्या. डबे घेऊन सगळे जेवायला खाली गेलेले.

म्हणून तुम्हाला सांगितलं.