शून्यापैकी शंभर टक्के

लालबागच्या एका रात्रशाळेत मॅट्रिकच्या परीक्षेला कोणीही बसले नाही, आणि कोणीही पास झाले नाही. यात वावगे काहीच नव्हते. परीक्षेच्या दिवशी अख्खा वर्ग संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात होता आणि संध्याकाळपर्यंत लॉकअपमध्ये.

अडचण पुढे आली. शाळेची मान्यता निकालाच्या टक्केवारीवर ठरायची. पास झालेल्यांना बसलेल्यांनी भागायचे, म्हणजे शून्याला शून्याने. म्हणून मान्यता-कचेरीच्या जयवंतसाहेबांसमोर हेडमास्तर गंगाधरपंतांनी गणिताच्या रामजीमास्तरांना उभे केले.

"साहेब, या भागाकाराला ठराविक उत्तर नाही," मास्तर म्हणाले.

"उत्तर नाही, हे उत्तर कचेरीला चालत नाही. आम्ही ताळा करून बघतो. ताळा जुळला की झालं."

इथे मास्तरांचा शिकवण्याचा स्वभाव आडवा आला. "तीच तर गंमत आहे! उत्तर सात धरा. सात गुणिले शून्य, शून्य. जुळला. एकोणपन्नास धरा, तरी जुळला."

साहेबांनी चष्मा काढला. "मग शंभर टक्केही जुळेल?"

"शून्याचे शंभर टक्के शून्यच. जुळेल, पण—"

"'पण'ला आमच्याकडे रकाना नाही, मास्तर."

शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. दारावर फलक लागला, गंगाधरपंतांना हार पडला आणि कचेरीने इतर शाळांना कळवले की या शाळेची पद्धत अभ्यासावी. शाळांनी ती अभ्यासली. पुढच्या मार्चात गिरणगावातल्या बऱ्याच रात्रशाळांतून कोणी परीक्षेला बसले नाही आणि सगळ्यांचे निकाल डोळे दिपवणारे लागले.

वर्ग मात्र रोज भरत. रामजीमास्तर प्रमेये शिकवत, पोरे घोकत. परीक्षेचा विषय काढणे तेवढे असभ्य मानले जाई.

असभ्यपणा शेवटी दत्तारामने केला. तो गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात होता. कापसाच्या धुळीने त्याची छाती भरून यायची, आणि मॅट्रिक झाला तर टाइमकीपरच्या खुर्चीवर बसवू, असे खात्यातून त्याला तोंडी सांगितले होते. ज्या मोर्च्यापायी तो गजाआड गेला, त्यातला महाराष्ट्र एव्हाना मुंबईसह मिळाला होता. दत्तारामला मॅट्रिक तेवढे मिळत नव्हते.

"मास्तर, यंदा माका बसाचाच हा," तो खोकत म्हणाला. "खोकलो काय वरसभर थांबणारो नाय."

मास्तर त्याला घेऊन गंगाधरपंतांकडे गेले. बाहेरून बसायचे तरी शाळेचीच सही लागे, आणि निकाल शाळेच्याच नावावर पडे.

"बाळा, हिशेब कर," पंत मायेने म्हणाले. "तू नापास झालास तर निकाल शंभरावरून थेट शून्यावर. मान्यता गेली, शाळा गेली. आणि पास झालास तर?"

"तर शंभर टक्के."

"ते आहेतच की! मग बसून शाळेचा फायदा काय? गणित तर तुला रामजीमास्तरांनीच शिकवलंय."

दत्तारामने मास्तरांकडे पाहिले. हिशेबात चूक नव्हती. मास्तरांनी ती बोटांवर मोजून शोधली.

"मास्तर, तुमी तरी कायतरी बोला!"

"पंत, पण—" मास्तर म्हणाले, आणि थांबले. साहेबांचा रकाना त्यांना आठवला.

जूनमध्ये प्रवेशाची रांग शाळेच्या दारापासून नाक्यापर्यंत गेली. मास्तरांना राहवले नाही. "अरे, परीक्षेला बसलं कोण होतं, ते तरी विचारा!" ते रांगेवर ओरडले.

"मास्तर, रांग मोडू नका," मागून कोणीतरी म्हणाले.

रांगेत दत्ताराम होता. गावाहून नुकताच आलेला धाकटा भाऊ त्याच्या हाताला.

"तू? आणि याच शाळेत?"

"माझा ऱ्हवला तर ऱ्हवला, मास्तर," दत्ताराम खोकला आवरत म्हणाला. "ह्येचा तरी चांगला होऊ दे. शंभर टक्के निकालाची शाळा दुसरी खंय गावतली?"

मास्तरांनी रांगेवरून नजर फिरवली. बरेच चेहरे ओळखीचे होते. तुम्हीही होतात. छत्री काखेत धरून तुम्ही हळूच विचारलेत, "मास्तर, आमच्या पोराचं तेवढं जमवाल ना?"