क्रॉसओव्हर दोनशेवर

खालच्या मजल्यावरचे फोरमन शेवटच्या घटका मोजत होते आणि वरच्या मजल्यावर बॉयलरसाहेबांकडे नवंकोरं होम थिएटर आलं होतं. या दोन गोष्टी एकाच आठवड्यात यायला नको होत्या, पण आल्या.

बॉयलरसाहेब म्हणजे निवृत्त बॉयलर इन्स्पेक्टर. चौतीस वर्षं कारखान्यांच्या धडधडाटात काढल्यामुळे त्यांचे कान निम्मे गेले होते. बायको जाऊनही तीन वर्षं झाली होती. घर इतकं गप्प की फ्रिज सुरू झाला तरी कोणी आल्यासारखं वाटायचं. म्हणून मुलीने हे यंत्र पाठवलं होतं: समोर ठेवायचे दोन स्पीकर आणि कोपऱ्यात बसवायचा एक काळा डबा, म्हणजे सबवूफर. सोबत वाफेच्या जुन्या इंजिनांवरच्या कार्यक्रमाचे सगळे भाग भरून दिले होते. साहेब रोज दुपारी चारला एक भाग बघत. पहिल्याच दिवशी इंजिनाची धडधड तळपायांतून वर चढली आणि साहेबांना भरून आलं.

खालचे फोरमन छापखान्यातले. यंत्रांनी त्यांना ठार बहिरं करून घरी पाठवलं होतं. एकेकाळी दोघांचा चहा रोज बरोबर व्हायचा. मग एकदा साहेबांच्या कुंडीतलं मातकट पाणी फोरमनच्या धुतलेल्या शर्टावर पडलं, फोरमननी भर जिन्यात साहेबांची अक्कल काढली आणि बोलणं बंद झालं. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. दोघांपैकी कुणीतरी माघार घेईल म्हणून दोघंही वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला फोरमनची सून वर आली.

"काका, जरा कमी करता का? खाली मांडणीवरची भांडी थरथरतायत. बाबांचा पलंगसुद्धा हलतोय."

"कसे आहेत?" साहेबांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"दोन-चार दिवस, म्हणालेत डॉक्टर."

साहेबांनी दार लावलं. अकरा वर्षं गेली ती गेली. पण निदान जाताना तरी त्या माणसाला आपल्यापायी त्रास व्हायला नको, एवढं त्यांना मनापासून वाटलं. यंत्र बंद ठेवावं असं मनात आलं नाही असं नाही. पण दुरुस्त होण्यासारखी वस्तू बंद करून ठेवणाऱ्यांना त्यांनी जन्मभर कामचुकार म्हटलं होतं.

डब्यामागे दोन नॉब होते. एक आवाजाचा, त्याच्याकडे साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्यावर 'क्रॉसओव्हर' असं लिहिलेलं आणि भोवती चाळीसपासून दोनशेपर्यंत आकडे. खूण ऐंशीवर होती. आकड्यांची तबकडी दिसली की साहेबांची पाठ आपोआप ताठ व्हायची. हा तर सेफ्टी व्हॉल्व्ह! ऐंशीवर लावलाय, म्हणजे ऐंशीच्या पुढे दाब गेला की उघडणार आणि धडधडणार. मग तो उघडूच नये म्हणून काय करायचं? आकडा वाढवायचा. साहेबांनी नॉब एकशेवीसवर नेला आणि समाधानाने हात पुसले.

तिसऱ्या दिवशी सून धावतच वर आली.

"काका, सलाइनची बाटली स्टँडवर नाचायला लागलीय!"

"व्हॉल्व्ह अजून गळतोय," साहेब गंभीरपणे म्हणाले. "थांब, पुरता बंदोबस्त करतो." आणि त्यांनी नॉब थेट दोनशेवर नेऊन ठेवला.

चौथ्या दिवशी सून आली नाही. फोरमनचा मुलगा आला आणि त्याचा चेहरा बघून साहेब उठून उभे राहिले.

"काका, तुम्ही करताय तरी काय? आता त्या कार्यक्रमातला माणूस आमच्या पलंगापाशी बोलतोय! नुसता घुमतोय. आत्याला वाटलं, बाबाच बोलतायत. शेवटची इच्छा सांगतायत म्हणून ती वही-पेन घेऊन बसली. आम्ही सगळे बाबांच्या तोंडाला कान लावून ओणवे. अर्धा तास!"

"मग?"

"मग काय? वहीत कोळशाचे भाव लिहिलेत तिने."

साहेबांनी मान खाली घातली. आता मात्र त्यांनी दुकानात फोन लावला. तासाभरात मेकॅनिक आला, त्याने नॉब बघितला आणि कपाळाला हात लावला.

"काका, दोनशे? हा व्हॉल्व्ह नाही हो, वाटणी आहे. ऐंशीवर ठेवलं की ऐंशीच्या खालचे जाड आवाज या डब्याकडे, वरचे समोरच्या स्पीकरांकडे. तुम्ही दोनशे केलंत, म्हणजे माणसाच्या आवाजाचाही खालचा भाग डब्यात कोंबलात. हाताने आकडा वाढवत गेलात आणि सगळं खाली पाठवत बसलात."

"खाली," साहेब पुटपुटले.

"या नॉबला हात लावायचंच कारण नव्हतं. आवाजाचा नॉब शेजारीच आहे की."

चौतीस वर्षांत एकही बॉयलर न फुटू दिलेल्या माणसाला लाजेने घाम फुटला. मेकॅनिकने क्रॉसओव्हर ऐंशीवर आणला, आवाज उतरवला, डबा कोपऱ्यातून काढून जाड गादीवर ठेवला. पाचव्या दिवशी चारला इंजिन सुरू झालं आणि ते मांजरीसारखं चाललं. फरशीवर पालथं पडून साहेबांनी कान लावून पाहिला. काही नाही. आता तो शांतपणे जाईल, असं त्यांना वाटलं.

साडेचारला दारावर थाप पडली. सून होती, डोळे लाल झालेले.

"काका, तुम्ही आहात ना?"

"म्हणजे काय? हा काय समोर उभा आहे!"

"बाबा केव्हापासून पलंगाची दांडी चाचपतायत. वरचा गेला का, विचारतायत. कागदावर लिहून दाखवलं की आहेत म्हणून. तर म्हणे, मला फसवू नका, रोज या वेळेला तो पलंग हलवतो. आणि रडायलाच लागले हो."

साहेबांनी घाईघाईने एक चप्पल पायात सरकवली. "मीच येतो. समोर उभा राहतो."

"नको, नको! तुम्हाला बघितलं की चिडतील. डॉक्टरांनी सांगितलंय, चिडू द्यायचं नाही. तुम्ही फक्त लावा."

साहेब एका चपलेवर तसेच उभे राहिले. "किती लावू?"

"मला नाही कळत त्यातलं. आत्या वही घेऊन बसली होती ना, त्या दिवसासारखं."

साहेबांनी गादी ओढून काढली, डबा कोपऱ्यात रेटला, दोन्ही नॉब शेवटापर्यंत फिरवले. मग ते भागामागून भाग लावत राहिले. भिंतीवरचं कॅलेंडर हललं, कपाटाची काच किणकिणली. शेजारचे दोघं भांडायला आले आणि साहेबांचा चेहरा बघून आल्या पावली परतले.

सहाव्या दिवशी दुपारी सून हळूच दार लोटून आत आली.

"काका, आता बंद केलं तरी चालेल."

साहेब डब्याजवळ फरशीवर बसले होते. त्यांना रडू फुटलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

"एकदम नाही बंद करत, बाई. तापलेला बॉयलर एकदम गार केला तर तडा जातो."

ते नॉब जरा जरा मागे घेत राहिले. एकशेऐंशी, एकशेसाठी, एकशेवीस. सून त्यांच्या शेजारी येऊन बसली. खूण चाळीसवर आली तेव्हा डबा जवळजवळ गप्प झाला होता.

"चिडला होता का गं?" साहेबांनी विचारलं.

"नाही हो. काल दांडीवर हात ठेवून पडले होते. एकदाच म्हणाले, 'किती जोरात लावतोस रे, गाढवा.' आणि झोपले."

साहेबांनी डोळे पुसले. अकरा वर्षांनी फोरमन त्यांच्याशी बोलले होते.