गुलनारच्या सात पिढ्या

मलकप्पा पेशकारांच्या घरी गेलात तर पाणी मिळायचं, पण सात नावं ऐकून झाल्यावर. नळदुर्गच्या शाळेत माझी मास्तर म्हणून नेमणूक झाली, त्यांच्या शेजारची खोली मिळाली आणि पहिल्याच दिवशी, घशाला कोरड पडलेली असताना, मी त्यांच्या ओट्यावर टेकलो. अप्पांनी शेरवानीची बटणं लावली, खाकरून घसा साफ केला आणि सुरुवात केली, "गुलनार, बिन्त शबाना, बिन्त महताब, बिन्त कौसर, बिन्त नजमा, बिन्त जरीना, बिन्त सबा."

मला वाटलं, घरातल्या बायकांची ओळख करून देताहेत. मी आदबीनं सातदा मान हलवली. शेवटच्या नावाला अंगणातून एक पांढरी घोडी आली, अप्पांच्या हातातला गुळाचा खडा खाऊन परत गेली, आणि मग कुठं अक्का, म्हणजे अप्पांच्या मंडळी, तांब्या घेऊन बाहेर आल्या. "नवं माणूस हाय, आदी पाणी द्या म्हणलं तर ऐकत न्हाईत," त्या म्हणाल्या. ही तक्रार पुढं मी चार वर्षं रोज ऐकली.

गुलनार अस्सल अरबी. जहागीरदारांच्या तबेल्यातली, ऐन उमेदीत हैदराबादच्या मैदानावर पळालेली. जहागिरी गेल्या, जहागीरदार गाव सोडून गेले, तबेला मोडला. गिऱ्हाइकांनी तिचे काडीसारखे पाय बघितले आणि ही कशाला जुंपायची म्हणून तोंडं फिरवली. जहागिरीच्या कचेरीत पेशकार असलेल्या अप्पांनी तिला घरी आणलं, सोबत तिच्या वंशावळीचा उर्दू कागदही. अरबी घोड्यांचं कूळ आईकडून मोजतात आणि बिन्त म्हणजे अमकीची लेक, हे ज्ञान मला अप्पांकडूनच मिळालं. कचेरी गेली तरी पेशकार हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. शेत वाट्यानं दिलेलं, घरात माणसं दोनच. मूलबाळ नव्हतं. त्याविषयी ते दोघं बोलत नसत आणि गल्लीनंही आता विचारायचं सोडलं होतं.

अप्पांना भेटेल त्याचं खानदान लागे. "खानदान सांगा," हे त्यांचं पालुपद. भाजीवाली असो, एसटीचा कंडक्टर असो, सुटका नाही. माझं गाडं पणजोबांपाशी अडलं तेव्हा त्यांनी इतक्या कणवेनं माझ्याकडं बघितलं की मी अनाथ असल्यासारखं मला वाटलं. आमच्या भागात हेळवी असतो. तो बैलावर बसून वर्षातून एकदा येतो, दारात वही उघडून त्या घराण्याच्या पिढ्या वाचतो आणि धान्य घेऊन पुढं जातो. अप्पा हेळव्याच्याच पोटी जन्मायचे, चुकून इकडं आले, असं गाव म्हणे.

रोज सकाळी किल्ल्याजवळच्या माळावर त्यांचा सराव चाले. अंगात शेरवानी, दौडीची वेळ मोजायला गळ्यात दोरीनं बांधलेलं गजराचं घड्याळ आणि तोंडानं खड्या आवाजात सात नावं. अप्पा अंगानं इतके किरकोळ की घोडीला वर कुणी बसलंय याचा पत्ता नसावा. सातवं नाव आलं की लगाम खेचायचा, खाली उतरायचं, गूळ द्यायचा. हैदराबादेहून येणाऱ्या शिळ्या उर्दू वर्तमानपत्रातले शर्यतींचे निकाल ते तिला वाचून दाखवत. ओळखीचं कूळ हरलं की दोघंही त्या दिवशी कमी जेवत.

जत्रेतल्या घोड्यांच्या शर्यतीत मात्र त्यांनी तिला कधी उतरवलं नाही. तिथं दरवर्षी हणमंता टांगेवाल्याचा मोत्या नावाचा तट्टू पहिला येई. अप्पांनी त्यालाही मोत्याचं खानदान विचारलं होतं. हणमंता म्हणाला, "अप्पा, मला माज्याच पणज्याचं नाव ठावं न्हाय, मोत्याचं कुटनं सांगू?" त्यावर अप्पांनी, बेनाम जनावराबरोबर गुलनार पळणार नाही, असा निकाल दिला.

एकदा चहाच्या हॉटेलात चार लोकांसमक्ष हणमंता बोलून गेला की अप्पांची घोडी फक्त कागदावर पळते. झालं. अप्पा ताडकन उठले आणि तिथल्या तिथं पैज लावून बसले. गुलनार जिंकली तर हणमंतानं तिच्या सात पिढ्या पाठ करून गावात म्हणायच्या. हरली तर ती हणमंताच्या टांग्याला. घरी आल्यावर अक्कांनी फक्त एवढंच विचारलं, "आन ती हरली तर?" दोन दिवस त्या घरात भांड्यांखेरीज कुणाचा आवाज आला नाही.

जत्रेत त्या साली पहिल्यांदाच भोंगा आला होता आणि माझा आवाज बरा म्हणून तो माझ्या ताब्यात होता. आदल्या दिवशी अप्पा कागद घेऊन आले. "मास्तर, तकलीफ माफ. ती पळत असताना हे वाचा. लोकांना कळू द्या, कोण पळतंय." उच्चार त्यांनी माझ्याकडून घोटून घेतले.

शर्यत सुटली आणि गुलनार अशी निघाली की लोक ओरडायचंच विसरले. मोत्या कुठल्या कुठं मागं. शेरवानी फडफडतेय, घड्याळ पाठीवर आपटतंय. मीही रंगात आलो आणि भोंग्यातून एकेक नाव सोडू लागलो. शबाना, महताब, कौसर. शेवटचं निशाण वीसेक पावलांवर राहिलं असताना मी मोठ्या झोकात म्हणालो, "बिन्त सबा!"

गुलनार जागच्या जागी थांबली. अप्पा तिच्या मानेवरून थेट मातीत. ती शांतपणे वळली, भोंग्याच्या मंडपात माझ्यापाशी आली आणि गुळासाठी तोंड पुढं केलं. मागून मोत्या आला, दुडक्या चालीनं निशाणापार गेला. सारी जत्रा पोट धरून हसत होती. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंता टांग्याचं सामान खांद्यावर टाकून आला. अप्पा ओट्यावर बसले होते. खानदान विचारणं नाही, काही नाही. शब्द फिरवणाऱ्यांतले ते नव्हते. मी मान खाली घालून उभा होतो. तेवढ्यात गल्लीत घंटा वाजली आणि हेळव्याचा बैल दारात येऊन थांबला. जत्रेनंतर तो यायचाच. त्यानं वही उघडली आणि नेहमीच्या चालीत वाचायला लागला. अप्पांचे खापरपणजे, पणजे, आजे, वडील. मग तो म्हणाला, "त्येंचे मलकप्पा. मलकप्पाची लेक गुलनार."

हेळवी पुढच्या ओळीवर गेला नाही, कारण पुढं ओळच नव्हती. अप्पांनी मागच्या साली हे नाव लिहवून घेतलं होतं, आणि दारात उभ्या अक्कांनाही ते ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या तोंडाकडं बघूनच कळलं.

 हणमंतानं खांद्यावरचं सामान खाली ठेवलं आणि ओट्याच्या पायरीवर बसला. "लेकीला कोण जुपतंय व्हय, अप्पा?" तो म्हणाला. "ती नावं सांगा तेवडी. पाठ करतो."

अप्पांनी शेरवानीची बटणं लावली. खाकरले. "गुलनार, बिन्त शबाना, बिन्त महताब," एवढं म्हणाले आणि पुढं त्यांना म्हणवेना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तेव्हा दारातून अक्कांचा आवाज आला. "बिन्त कौसर. बिन्त नजमा. बिन्त जरीना." एकही उच्चार चुकला नाही. "बिन्त सबा," त्या म्हणाल्या, आणि अंगणातून गुलनार आली. अक्कांनी पदराआडचा हात पुढं केला. त्यात गुळाचा खडा होता.