पान बेचाळीसवरचं कूपन

सात महिन्यांच्या लेकीची, मैत्रीची, आखूड झालेली झबली ठेवायला खोकं हवं होतं, म्हणून स्वरूपाने कपाटावरून नवऱ्याच्या सेफ्टी शूजचं जुनं खोकं काढलं. ते रिकामं नव्हतं. आत तीन पुस्तकं होती.

लग्नाला चार वर्षं झाली, पण गणराजला कंपनीच्या बसच्या वेळापत्रकापलीकडे काही वाचताना तिने पाहिलं नव्हतं. वरचं पुस्तक उचललं आणि ती पलंगावर बसलीच. ‘बाटली खाली ठेवताना : एका दारुड्याची परतीची गोष्ट’. बेचाळिसाव्या पानावर खूण म्हणून कंपनीच्या कॅन्टीनचं कूपन. त्याच पानावर एका वाक्याखाली जाड, काळी, फिसकटलेली रेघ : ‘घरच्यांना आधी सांगू नका. आधी सुटू द्या.’

“ग्रीस,” स्वरूपा पुटपुटली. गणराज चाकणला मशिनवर होता.

दुसरं पुस्तक घरगुती औषधांचं, नव्वद वर्षांपूर्वीच्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण. त्यात एकच पान दुमडलेलं : ‘तोंडाच्या वासावर उपाय. वेलदोडा, लवंग, बडीशेप.’ तिसरं होतं ‘क्रोशाचे पन्नास सोपे नमुने’.

सासूबाई, सोजराबाई, कुरुळी फाट्यावर भाजीला गेल्या होत्या. स्वरूपाने पोर कडेवर आणि पुस्तकं पिशवीत घेतली, आणि खालच्या गाळ्यात कनीजभाभीचं फॉल-पिकोचं दुकान गाठलं.

“पितो,” भाभीने मशिन थांबवून निकाल दिला.

“अहो भाभी, गेटवर रोज नळीत फुंकायला लावतात. प्यायले असते तर आतच सोडलं नसतं.”

“आत जाताना ना? बाहेर येताना कोण फुंकायला लावतं? शिफ्ट सुटते तीनला, घरी येतो चारला. चाकण काय दिल्लीला आहे?”

“ट्रॅफिक असतं ना.”

“ट्रॅफिकचं सगळेच सांगतात बायकांना.”

“आणि हे विणकामाचं?”

भाभीने पुस्तक दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिलं. “हे बाईचं पुस्तक. बाप्याच्या खोक्यात बाईचं पुस्तक म्हणजे...”

“भाभी!”

“मी कुठं काय बोलले?”

“सरळ विचारू का त्यांना?”

“वेडी का खुळी? विचारलं की माणूस सावध होतो. रोज दारातच वास घे. रविवारपर्यंत.”

रविवारी लातूरहून दादा भाचीला बघायला येणार होता. वास आला, तर मैत्रीला घेऊन त्याच्याच गाडीत बसायचं, हे स्वरूपाने जिना चढता चढता ठरवलं. वरच्या पायरीवर तिला रडू आलं. मैत्रीने आईचं नाक पकडलं, तेव्हा ते थांबलं.

सोमवारी चारला ती दारातच उभी. डबा घ्यायच्या निमित्ताने नाक थेट त्याच्या कॉलरपाशी नेलं. घाम आणि मशिनचं तेल. गणराज बघतच राहिला.

मंगळवारी पुन्हा. बुधवारी त्याने गजरा आणला.

“वास झाकायला!” भाभी म्हणाली.

गुरुवारी तो जवळ आला तर तोंडाला वेलदोड्याचा घमघमाट. वेलदोडा, लवंग, बडीशेप! तो हात धुवायला गेल्यावर तिने खोकं उघडलं. कूपन अडुसष्टाव्या पानावर सरकलं होतं.

“पण वाचतात कधी, भाभी? घरी आले की जेवतात, पोरीशी खेळतात, झोपतात.”

“संडासात,” भाभी म्हणाली. तिच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असे.

शुक्रवारी स्वरूपाने ठरवलं, बसस्टॉपवरच जाऊन गाठायचं. “आत्या, दळण टाकून येते,” असं सासूबाईंना सांगून ती निघाली. फाट्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की फोन घरीच राहिला. तशीच परतली. दार लोटलेलंच होतं. आतून झोळीची करकर आणि सासूबाईंची अंगाई ऐकू आली :

“पहिल्या दिशी गं बाई हात थरथरले, जो जो... दुसऱ्या दिशी झोपच न्हाई आली, जो गं जो...”

स्वरूपाने दार ढकललं. सोजराबाईंनी पुस्तक पदराखाली घेतलं, पण मांडीवरची सुई आणि अर्धं टोपडं उघडंच राहिलं.

“आत्या! तुम्ही... दारू?”

“तुझ्या जिभंला काही हाड? दारू कशाला पिऊ? मशेरी सोडायलेय मी.”

“पण हे पुस्तक तर दारूचं आहे!”

“फाट्यावरच्या पुस्तकाच्या टेम्पोत मशेरीचं न्हवतं. मग जिथं जिथं दारू लिहिलंय, तिथं मी मशेरी वाचायलेय. लई बरोबर बसतंय, बग. ह्यो बाबा म्हन्तो, हाताला काम द्या. म्हनून टोपडं. आन् वासाचं औषध त्या दुसऱ्या पुस्तकात.”

“आणि कूपन?”

“गण्याच्या पँटीत निघालं. धुवायला टाकली होती.”

स्वरूपाचं लक्ष झोळीशेजारी गेलं. तिथे मैत्रीच्या काजळाची डबी उघडी होती, आणि सासूबाईंचं बोट काळं होतं. म्हणजे तेच ते ग्रीस.

“चाळीस वर्षांची सवय, आत्या. आत्ताच का?”

सोजराबाई झोळीला झोका देत राहिल्या. “त्या दिशी मी हिचा पापा घ्यायला वाकले, तवा तू हिला हळूच पलीकडं घेतलंस. बोलली न्हाईस काही. पर मला कळलं.”

स्वरूपाने मैत्रीला झोळीतून उचललं आणि आजीपुढे धरलं. “घ्या.”

“थांब,” सोजराबाई घाईने उठल्या, “बडीशेप खाऊन येते.”

मग आजीने पापा घेतला. मैत्रीने आजीच्या गालाचा चावा घेतला. दात नव्हते, म्हणून दोघींचंही भागलं.

“गण्याला इतक्यात सांगू नगंस,” सोजराबाई म्हणाल्या. “आज अकराच दिस झालेत. आधी सुटू दे.”

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. स्वरूपाने झटकन पुस्तक आपल्या उशीखाली सरकवलं. दारात गणराज उभा होता, हातात गजरा, तोंडात वेलदोडा, मान किंचित पुढे. स्वरूपाने डबा घेतला आणि गुणगुणत स्वयंपाकघरात गेली.

तो हिरमुसला. पलंगावर आडवा झाला. उशी जरा टोचली, म्हणून त्याने हात घातला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता स्वरूपाने दार उघडलं. गणराजने डबा दिला, वाकला, आणि नाक थेट तिच्या तोंडापाशी नेलं.