उसन्या सूक्ष्मदर्शकांची आणि अकरावीच्या मोहिमेची हकीकत

श्री. खडूफळ्यास वंदन, हजेरीपटास मुजरा. शके एकोणीसशे पंचेचाळीस, मार्गशीर्ष मासी, मंगळवारी वर्तमान जाहले ते ऐसे.

नदीकाठी एक जुने राज्य होते. राज्य म्हणजे गावचे हायस्कूल. शंभर वर्षांत गावच्या चार पिढ्या तेथे छड्या खाऊन शहाण्या जाहल्या. गादीवर घोलप सर हेडमास्तर. मुलूख दहावीपावेतो, पुढे अकरावीस पोरींनी तालुक्यास जावे. आणि दहावीत सुगंधा वाघमोडे म्हणोन होती, तोंडाची फटकळ, हाताची चलाख. तिचे वडील तात्या, त्यांनी बजाविले होते की गावात अकरावी निघाली तर शीक, नाहीतर शाळा बास. शाळेने अकरावीची मंजुरी मागितली होती, तेव्हा त्या मंजुरीपायी तिचा जीव टांगणीस लागला. मग त्याच कामी शिक्षणखात्याचे साहेब तपासणीस येणार ऐसा खलिता आला. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक एक, तोही आंधळा. मग सरांनी मसलत केली आणि शेजारगावच्या शाळेतून दहा सूक्ष्मदर्शक उसने आणविले आणि फडके मारून ओळीने मांडिले.

राज्याचा कायदा ऐसा की पावणेअकरानंतर येईल त्याने पहिला तास मैदानातले गाजरगवत उपटावे. सुगंधाबाई डेअरीस दूध घालून येत, म्हणोन त्या फौजेच्या कायमच्या सरदार. त्या दिवशी साहेबांची जीप पुलावर बंद पडली आणि साहेब धुळीने माखून पायी आले. सारे हार घेऊन जीपची वाट पाहतात, पायी आलेल्यास कोण विचारतो. फाटकावर कोंडिबा शिपाई, त्यास वाटले नवा क्लार्क असेल. तो म्हणाला, उशीर झालाय, गवतात चला. साहेबांनी तोंड उघडिले, परंतु कोंडिबा ऐकून घेणाऱ्यातला नव्हे. मग साहेब मनी हसले, राज्य आतून पाहावे म्हणोन गवतात बसले.

सुगंधा म्हणाली, "मुळासकट उपटा की ओ काका. वरवर काय खुडताय, मेथी निवडताय व्हय?"

साहेबांनी मुळासकट उपटिले आणि आज गडबड कसली म्हणोन सहज पुसले. मग बाईंनी रंगात येऊन सारे सांगितले, तपासणी सांगितली, उसने सूक्ष्मदर्शक सांगितले, ते दुपारच्या यष्टीने परत जाणार हेही सांगितले. इतक्यात घोलप सर हार घेऊन धावत आले आणि साहेब, साहेब करीत वाकले. सुगंधाच्या हातचे गवत हातातच राहिले. आपली अकरावी आपणच उपटली हे तिला कळोन चुकले.

साहेब गुडघे झटकून उठले. "तुमची प्रयोगशाळा तर उसनी निघाली, घोलप."

सर पांढरेफटक पडले. सुगंधाचे मात्र डोके फिरले. ती मध्ये उभी राहिली.

"भांडी उसनी आणली सायेब, पंगत आमचीच हाय. धाव्वीत एकेचाळीस पोरी हायत. त्या कुणाकडनं आणल्या न्हाईत. मोजून घ्या."

साहेब तडक वर्गात गेले आणि खरेच मोजिल्या. चाळीस भरल्या, एकेचाळिसावी मागे दारात हातात गवत घेऊन उभी. मग त्यांनी शेरा लिहिला की यंत्रे अपुरी, मुली पुऱ्या, एक वर्षाची मंजुरी द्यावी, तेवढ्या मुदतीत यंत्रे स्वतःची घ्यावीत.

येणेप्रमाणे राज्यास अकरावीचा मुलूख मिळाला. शाल घोलप सरांस, नारळ साहेबांस, आणि गुपित फोडिले म्हणोन बोलणी सुगंधाबाईंस. घरी तात्यांनी सारी हकीकत ऐकिली, टोपी काढून परत घातली आणि एवढेच म्हणाले, "मग शीक."